पूर्वाश्रमीची की माहेरची?

गौरवग्रंथ, स्मरणिका, लेखक-परिचयाचे कोश आणि वर्तमानपत्रांतील निधनवार्ता यांत विवाहित स्त्रीचा परिचय देताना एक कंस हमखास येतो. आधी 'सौ.' किंवा 'श्रीमती', मग नाव, पतीचे आडनाव, आणि त्यापुढे कंसात 'पूर्वाश्रमीच्या कु. अमुक'. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. आमच्या या पत्रिकेच्या मागील अंकांतूनही हा कंस अनेकदा छापून गेला आहे, हे आरंभीच मान्य करतो. मात्र नित्याच्या वापराने शब्द गुळगुळीत झाला, म्हणून त्याचा मूळ अर्थ नाहीसा होत नाही. तो आत दबून राहतो आणि आपले काम करीत राहतो. 'पूर्वाश्रमीची' हा शब्द विवाहित स्त्रीविषयी नेमके काय सांगतो, आणि त्याच जागी घराघरांत बोलला जाणारा 'माहेरची' हा शब्द काय सांगतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

'पूर्वाश्रम' हा शब्द आला चतुराश्रमांच्या कल्पनेतून, आणि मराठीत तो रुळला तो मुख्यतः संन्याशांच्या संदर्भात. टेंबे स्वामी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते वासुदेवानंद सरस्वती पूर्वाश्रमीचे वासुदेव गणेश टेंबे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. या दोन्ही ठिकाणी शब्द चपखल बसतो. संन्यास घेणारा शिखा व यज्ञोपवीत टाकतो, स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने करतो, गोत्र सोडतो. पारंपरिक धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो व्यवहारापुरता मृत असतो. त्याचे जुने नाव म्हणजे एका संपलेल्या माणसाचे नाव. म्हणूनच ते सांगताना 'पूर्वीचे' एवढे म्हणून भागत नाही, 'पूर्वाश्रमीचे' म्हणावे लागते. ज्याच्याकडे परत जाता येत नाही असा तो काळ आहे.

परत जाता येत नाही म्हणजे किती, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि त्याची शिक्षा त्यांच्या चारही मुलांनी भोगली. 'संन्याशाची पोरे' हे शब्द ज्ञानेश्वरांच्या चरित्रापासून वेगळे काढता येत नाहीत. पूर्वाश्रमात परतणे हा आपल्या परंपरेत इतका मोठा अपराध होता.

आता हाच शब्द लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीला लावून पाहू. ती नागपंचमीला माहेरी येते, दिवाळीला येते, पहिल्या बाळंतपणाला येते. न आली तर लोक विचारतात. भाऊ न्यायला येतो आणि पोहोचवायलाही जातो. तिचे येणे हा अपराध तर नाहीच. उलट न येणे ही चिंतेची गोष्ट असते. जिच्या आयुष्याची घडीच दोन घरांमधल्या जाण्यायेण्यावर बसवलेली आहे, तिच्या पहिल्या घराला आपण लेखनात 'पूर्वाश्रम' म्हणतो, म्हणजे ते घर तिच्यापुरते मेले असे म्हणतो. बोलताना आपण असे कधी म्हणत नाही. 'त्या पूर्वाश्रमीच्या गोखले' हे वाक्य कोणत्याही ओसरीवर ऐकू येणार नाही. तेथे ऐकू येते ते 'त्या माहेरच्या गोखले' हेच. लेखणी हातात घेतली की मात्र माहेर आपल्याला घरगुती वाटू लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. आश्रम चार आहेत; विवाहापूर्वीचा ब्रह्मचर्याश्रम हाही गृहस्थाश्रमाच्या दृष्टीने पूर्वाश्रमच, मग शब्द चुकला कोठे? त्यास दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, विवाहाने गृहस्थाश्रमात दोघेही जातात. मांडवातून बाहेर पडलेल्या नवरदेवाचा उल्लेख 'पूर्वाश्रमीचा ब्रह्मचारी' असा कोणी केला, तर तो विनोद ठरेल. दुसरे उत्तर शास्त्रातच आहे. मनुस्मृतीने विवाहविधी हाच स्त्रीचा वैदिक संस्कार मानला, म्हणजे तिच्या बाबतीत त्याला उपनयनाची जागा दिली. जिला विवाहापूर्वी उपनयन नाही, तिला त्या स्मृतीच्या हिशेबाने पहिला आश्रमच मिळालेला नाही. जो आश्रम तिला द्यायचे शास्त्राने नाकारले, तोच तिच्या नावामागे लावून आपण तो सुटल्याचे जाहीर करतो, हा विचित्र न्याय झाला.

हा शब्द रूढ होण्याचे कारण आम्हांस वाटते ते असे. 'लग्नापूर्वीच्या' हे फार साधे वाटले आणि 'माहेरच्या' फार घरगुती. गौरवग्रंथाला संस्कृत वजन हवे होते, ते 'पूर्वाश्रमीच्या'ने पुरवले. पुढे वर्तमानपत्रांनी शब्द आणखी सैल केला. पक्ष बदललेला पुढारीही आता पूर्वाश्रमीचा अमक्या पक्षाचा असतो. त्या उपयोगात निदान थट्टेची छटा असते आणि ती सर्वांना कळते. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र शब्द गंभीरपणे, आदराने, कंसात घालून छापला जातो.

दुसऱ्या बाजूला 'माहेर' पाहावे. 'मातृगृह' या शब्दाशी अभ्यासक त्याचे नाते जोडतात. म्हणजे आईचे घर. आमच्यासारख्या, महाराष्ट्राच्या बाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला शेजारच्या भाषांतील या घराची नावे रोज कानावर पडतात. बडोद्यात ते 'पियर' असते, म्हणजे पित्याचे घर. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत 'मायका', म्हणजे पुन्हा आई. हैदराबादेत तेलुगू शेजारीण 'पुट्टिल्लु' म्हणते, म्हणजे जन्माचे घर. बेळगावात कानडी 'तवरुमने', गोव्यात कोकणीत 'कुळार'. प्रत्येक भाषेने या घराला स्वतंत्र, जिवंत नाव दिले आहे. एकीनेही त्याला मागे पडलेला काळ म्हटलेले नाही. गुजराती निधनवार्तांत तर 'पियरपक्ष' असा स्वतंत्र उल्लेख करण्याची रीत आहे. सत्तरी-ऐंशी उलटून गेलेल्या बाईच्या मृत्यूनंतरही तिच्या वडिलांचे कुळ तेथे हजर असते.

मराठीतल्या रचनेत आणखी एक गंमत आहे. घर आईचे, आणि त्या घराचे म्हणून जे आडनाव आपण सांगतो ते वडिलांचे. 'माहेरच्या जोशी' या दोन शब्दांत आईचा पत्ता आणि बापाचे नाव एकत्र नांदतात. आईचे स्वतःचे माहेर मात्र त्यात नसते. ते शोधायचे तर आणखी एक पिढी मागे जावे लागते. भाषेने एवढी तरी सोय ठेवली आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि 'माहेर' या शब्दाची संतती पाहावी. माहेरवाशीण, माहेरपण, माहेरघर. पुण्याला आपण विद्येचे माहेरघर म्हणतो तेव्हा विद्या तेथून निघून गेली असे कोणाच्या मनात येत नाही. तिचे मूळ तेथे आहे आणि तेथेच ती हक्काने वावरते, असेच आपल्याला म्हणायचे असते. असोद्याच्या महाजनांची लेक असलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांतील माहेर घ्यावे, की वारकऱ्यांनी पंढरीला दिलेले माहेर हे नाव घ्यावे. वारकरी घर सोडून जात नाही. तो वर्षाच्या वर्षाला पंढरीस जातो, मन भरून परततो आणि पुन्हा संसाराला लागतो. संन्यासाखेरीजही मुक्ती आहे, हे सांगणाऱ्या या पंथाला आपल्या देवाच्या गावासाठी सासुरवाशिणीच्या मनातला शब्द निवडावासा वाटला. ज्या मराठीने 'माहेर' इतक्या उंचीवर नेले, त्या मराठीत तो शब्द गौरवग्रंथाच्या कंसाला हलका वाटावा, याचे आश्चर्य वाटते.

येथवर प्रश्न शब्दाच्या औचित्याचा झाला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याहून महत्त्वाचा प्रश्न अचूकतेचा. 'पूर्वाश्रमीचे' हा शब्द सगळे भूतकाळ एका पिशवीत कोंबतो. वास्तविक नाव बदलण्याची कारणे वेगवेगळी असतात, आणि मराठीने त्यांना वेगवेगळे शब्द दिले आहेत. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक गेले आणि सयाजीराव महाराज झाले; कागलचे यशवंतराव घाटगे १८८४ साली दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. अशा वेळी आपण 'जनक घराणे' म्हणतो. अभिनेत्री हंसा वाडकर यांचे 'मूळ नाव' रतन साळगावकर. 'ऊर्फ' हा आणखी निराळा. दोन नावे एकाच वेळी चालू असतील तेथे तो शोभतो. तरीही सरकारी कागदांत विवाहित स्त्रियांची दोन नावे 'ऊर्फ'ने जोडलेली आढळतात आणि फौजदारी खटल्यातील आरोपींच्या पंक्तीत त्यांना नेऊन बसवतात. एवढे शब्द हाताशी असताना एकच शब्द सर्वत्र वापरणे हा आळस आहे, आणि त्याने वाङ्मयेतिहासात घोटाळे होतात.

विभावरी शिरूरकरांचेच उदाहरण घ्यावे. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली प्रसिद्ध झाले. त्या नावाआड कोण आहे, यावर महाराष्ट्रात वादळ उठले. आज यादीत 'विभावरी शिरूरकर (मालतीबाई बेडेकर)' अशी नोंद करून आपण मोकळे होतो. पण विश्राम बेडेकरांशी त्यांचा विवाह झाला १९३८ साली. पुस्तक निघाले तेव्हा मालतीबाई बेडेकर नावाची व्यक्ती अस्तित्वातच नव्हती. लिहिणारी होती बाळूताई खरे. हा केवळ तारखेचा काटेकोरपणा नाही. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रीची घुसमट हा त्या पुस्तकाचा विषय, आणि ती मांडणारी स्वतः अविवाहित होती, यातच त्याचे धाडस आहे. टोपणनाव घ्यावे लागले तेही त्यामुळेच. कंसात फक्त बेडेकर हे नाव आले की नवा वाचक एका प्रतिष्ठित विवाहित लेखिकेचे पुस्तक वाचायला बसतो. धाडस कंसात विरघळून जाते.

कुसुमावती देशपांडे यांच्याविषयी ग्वाल्हेरकरांना विशेष आपलेपणा असणार. १९६१ साली ग्वाल्हेरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री होत्या. त्यांचा आणि कवी अनिलांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने ग्रंथरूप झाला. ती पत्रे लिहिणारी कुसुम जयवंत आहे. ग्रंथसूचीत 'जयवंत' या आडनावापाशी एखादी नोंद सापडली नाही, तर त्या काळातील तिचे लेखन शोधणाऱ्याने जावे कोठे?

धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे यांच्याबाबतीत तर 'पूर्वाश्रमीच्या' हा शब्द सरळ कोलमडतो. जन्माने त्या गोदूबाई जोशी. लहानपणीच्या पहिल्या विवाहाने नातू. अकाली वैधव्य, मग पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिक्षण, आणि १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह. 'पूर्वाश्रमीच्या' म्हणजे जोशी की नातू? शब्द सांगत नाही. 'माहेरच्या जोशी, पहिल्या विवाहाने नातू' असे लिहिले की एका ओळीत सगळे चरित्र उभे राहते. विधवाविवाहाच्या इतिहासात जो तपशील सर्वांत महत्त्वाचा, तोच हा भारदस्त शब्द झाकून टाकतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या माहेरच्या मनकर्णिका गोखले. 'लक्ष्मी' हे नाव लग्नात मिळालेले. 'स्मृतिचित्रे'तील वडिलांच्या विलक्षण सोवळ्याओवळ्याचे चित्र ज्याने वाचले, त्याला ते माहेर सोडून पुढचे पुस्तक समजणारच नाही. पतीचे धर्मांतर तिने कोणत्या सोवळ्याच्या पार्श्वभूमीवर पेलले, याचे मोजमाप गोखल्यांच्या घरातच मिळते. योगायोग असा की, याच संसारात खऱ्या अर्थाने आश्रम बदलला तो रेव्हरंड टिळकांनी. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला. पूर्वाश्रम हा शब्द या घरात कोणाला लावायचाच असेल तर तो पतीला. लक्ष्मीबाईंचे गोखलेपण त्यांच्या लेखणीत अखेरपर्यंत जिवंत होते.

आडनावाबरोबर गाव हवे, हा आमचा पुढचा मुद्दा. अहिल्याबाई होळकर माहेरच्या शिंदे. इंदूरहून ग्वाल्हेरला जाणाऱ्या वाचकाला एवढेच सांगितले तर त्याची भलतीच समजूत होईल. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक असे सांगितले, म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी घोटाळा होत नाही. बडोद्यात दोन महाराणी चिमणाबाई झाल्या. सासरी दोघींना नावही एक आणि आडनावही एक मिळाले. इतिहासात आपण त्यांना पहिल्या व दुसऱ्या असे आकडे घालून ओळखतो. माहेर सांगितले की आकड्यांची गरज उरत नाही: एक तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई, दुसरी देवासच्या घाटग्यांची गजराबाई. माहेर हे आडनाव असते तसेच ते गाव असते, रस्ता असतो, बोलीही असते.

आणि येथेच हा विषय आपल्या, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीच्या काळजाला भिडतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील कुळांचा इतिहास आपण पुरुषांच्या नोकरीने सांगतो: अमक्या दरबारात अमके पणजोबा आले. पण पुढच्या चार पिढ्या घरात मराठी टिकली ती कशी? कोणी सून साताऱ्याहून आली, कोणी बेळगावहून, कोणी कोकणातून. तिच्याबरोबर ओव्या आल्या, मसाले आले, म्हणी आल्या, मुलांना दटावण्याचे शब्द आले. आपल्या घरांतील मराठीचा नकाशा काढायचा, तर तो या सुनांच्या माहेरांवरूनच काढावा लागेल. परंतु अशा संस्थांचे जुने अहवाल उघडावेत, तर तेथे काय सापडते? 'हळदीकुंकू समारंभास सौ. कुलकर्णी, सौ. देशपांडे व सौ. कुलकर्णी यांचे साहाय्य झाले.' स्वतःचे नाव नाही, माहेर नाही. दोन कुलकर्णींतली कोणती कोण, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. पोर्तुगीज अमदानीतील गोव्याच्या जन्मनोंदीत आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावे नोंदण्याची पद्धत होती; परक्या सत्तेच्या कारकुनाने जे टिपले, ते आपल्याच संस्थांच्या आपल्याच भाषेतील कागदांत नसावे, याचा विषाद वाटतो.

'माहेरची' या शब्दावरही आक्षेप आहेत आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यात जिव्हाळा आहे, तसेच गृहीतही आहे: प्रत्येक स्त्रीला सासर असणार, आणि तिची ओळख या दोन घरांतच मावणार. आज अनेक स्त्रिया विवाहानंतर नाव बदलत नाहीत. त्यांच्यासाठी कंसच नको. कोणी दोन्ही आडनावे लावतात. त्यांचे नाव जसे आहे तसे छापावे. कोणाचे माहेर सुखाचे नसते. तिला तो शब्द टोचू शकतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय अमलात आणला, तेव्हा नावाची चौकट बदलू शकते हे सर्वांना दिसले. म्हणून कोशात वा सूचीत जेथे तटस्थता हवी, तेथे 'विवाहपूर्व नाव' असे सरळ लिहावे. तो शब्द कोरडा आहे, पण खोटा नाही. चरित्रलेखात, आठवणींत, निधनवार्तेत 'माहेरच्या' लिहावे, आणि शक्य तेथे गावही द्यावे. 'पूर्वाश्रमीचे' हा शब्द ज्यांनी खरोखर घर सोडले त्यांच्यासाठी राखावा. त्यांचा तो हक्क आहे.

आमच्यापुरते आम्ही एवढे ठरवले आहे. या अंकापासून पत्रिकेतील परिचयांत हा कंस बदललेला दिसेल. त्याबरोबर वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरातील आजी, पणजी यांचे विवाहापूर्वीचे नाव, आडनाव आणि गाव, सांगू शकणारे कोणी आहे तोवर एका कागदावर लिहून ठेवावे. पुष्कळ घरांत पणजोबांच्या वडिलांचे नाव पाठ असते आणि पणजीचे पहिले नाव कोणाला ठाऊक नसते. ती संन्यासिनी नव्हती. दरवर्षी कोणत्या तरी गावाहून तिला न्यायला कोणीतरी येत होते. त्या गावाचे नाव आपल्याला ठाऊक असायला हवे.